तुमच्या रविवारच्या सिगारी

अहो,

मायना सुचेना, म्हणून घरात हाक मारायची तीच लिहिली. मॅट्रिकला पत्रलेखनात मला चांगले मार्क होते, पण गेलेल्या माणसाला कसं लिहायचं ते तिथं कुणी शिकवलं नव्हतं.

आज लिहायला बसले त्याला कारण हमीदभाई. काल दुपारी आले. मी पोथी मिटून बाहेर आले तर ओसरीवर उभे, काखेत लाकडी डबा. हैदराबादहून तुम्हा दोघांसाठी यायचा तोच, सिगारींचा. वर्षभरात ते चार-सहा वेळा येऊन गेले, पण डबा घेऊन पहिल्यांदाच.

"भाभी, वर्षश्राद्ध तुमच्या रीतीनं तुम्ही करा," म्हणाले. "आम्ही छावणीच्या मैदानात आमच्या रीतीनं करणार. रविवारी आपल्या ओव्हरसियरसाहेबांच्या नावानं गोल्फचा नऊ होलचा एक राउंड. चौघं आहोत. चार सिगारी निवडून ठेवा. शनिवारी संध्याकाळी येऊन नेतो."

"मी कशाला? तुम्ही एवढे वकील. तुम्हाला निवडता येत नाही?"

"हमारे हाथ तो कागज पलटने के, भाभी. तुमच्या हातची निवड सगळ्या मैदानाला माहीत आहे."

मी डबा ठेवून घेतला. तेव्हाच नको म्हणायला हवं होतं. कारण माझ्या हातची निवड काय होती, ते मैदानाला माहीत नाही, हमीदभाईंना माहीत नाही, आणि तुम्हालाही नव्हतं. शेवटचे काही महिने मी तुम्हाला फसवलं. उद्या ते डबा न्यायला येतील तेव्हा हे बोलायचं की गिळायचं, हे मला आज ठरवायचं आहे. आणि तुमच्याशी बोलल्याशिवाय मी घरातलं काही कधी ठरवलं आहे का?

तुमचं गोल्फ मला सुरुवातीला पटलं नव्हतं. पोलिस ॲक्शननंतर तुमचे ते मोठे साहेब कराचीला निघाले आणि जाताना काठ्यांची पिशवी तुमच्या गळ्यात घालून गेले. पिशवीच्या खिशात दोन सिगारी होत्या. आपलं लग्न झालं तेव्हा काठ्या आणि सिगारी दोन्ही घरात माझ्या आधीपासून होत्या. मी घरखर्च लिहिणारी बाई. एक चेंडू भोकात घालायला माणसानं दोन तास मुरुमावरून चालायचं आणि वर धूर काढायचा, याला काय म्हणावं ते मला कळायचं नाही. डबा माजघराच्या अलीकडंच राहील असं मी बजावलं होतं. तुम्ही कधी उंबरा ओलांडू दिला नाहीत त्याला.

आठवतं का, पहिल्या उन्हाळ्यात मी तुमच्या सिगारी वाळवल्या होत्या? डब्याला ओलसर वास आला, मला वाटलं कीड लागेल. उडदाच्या डाळीशेजारी गच्चीवर धोतर पसरून सगळ्या ओळीनं मांडल्या. दुपारपर्यंत तडतड फुटल्या. तुम्ही ऑफिसातून आलात, एक उचललीत, तिची पानं हातात गळाली. मी म्हटलं आता भांडण होणार. तुम्ही म्हणालात, "अगं, त्या सांडगे नव्हेत." एवढंच. पुढं महिनाभर पंगतीला कुरडई आली की विचारायचात, "ही ओढायची का खायची?"

मग तुम्हाला साखरेचा आजार झाला आणि बोटं बधिर झाली. चहाचा पेला गरम आहे का गार ते ओठाला लावल्यावर कळायचं. सिगार दाबून पाहायची तर बोटाला काही लागेना. दोन रविवार आतून पोकळ निघाल्या, चौथ्या होलपर्यंत जळून गेल्या. हमीदभाईंनी मैदानात चिडवलं, ते तुम्ही घरी येऊन हसत सांगितलंत, पण जेवलात कमी.

त्या संध्याकाळी मी वाती वळत बसले होते. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात. मी एक वात मोडून परत वळायला घेतली तेव्हा विचारलंत, "ती का मोडलीस?"

"घट्ट झाली. तेल ओढणार नाही."

"आणि सैल झाली तर?"

"भडकेल."

तुम्ही उठलात, डबा आणलात आणि उंबऱ्याच्या अलीकडं बसून म्हणालात, "मग हे तुलाच येतंय. तुझ्या बोटांना कळतं."

तंबाखूला हात लावायचा म्हणजे माझ्या जिवावर आलं. पण तुमच्या हाताकडं पाहिलं आणि नाही म्हणवलं नाही. तेव्हापासून रविवारी मी आंघोळ उशिरा करायला लागले. आधी तुमची सिगार निवडायची, मग नहाण, मग देवपूजा. देवाला थोडं थांबावं लागलं, पण त्याची कुरकूर ऐकू आली नाही.

तुम्हीच शिकवलंत. सकाळच्या राउंडला फार कडक नको, उन्हात चालताना चक्कर येते. बारीक नको, छावणीतल्या वाऱ्यात भराभर जळते आणि तोंड पोळतं. लांबी अशी की नवव्या होलला शेवटचे दोन झुरके उरावेत. काठी फिरवायची तेव्हा सिगार खाली गवतावर ठेवावी लागते, म्हणून वरचं पान कुठं चिरलेलं नको, आणि थंडीत दव असतं तर जाड पानाची बघायची. मग अंगठा आणि दोन बोटांत धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूच दाबत जायचं. मध्ये पोकळ लागली तर बाजूला. गाठ लागली तर तीही बाजूला, कारण गाठीची सिगार ओढली जात नाही, गाल बसतात पण धूर येत नाही. अहो, न ओढणाऱ्या बाईला एवढं येत होतं. मला त्याचा अभिमान होता. तो मी कुणाला दाखवला नाही, एवढंच.

नंतर तुमच्या गालाच्या आत तो पांढरा चट्टा आला. डॉक्टरांनी तंबाखू बंद सांगितली. तुम्ही त्यांच्याशी भाजीवाल्यासारखी घासाघीस केलीत आणि रविवारची एक सिगार पदरात पाडून घेतलीत. तुम्ही सदरा घालत होतात तेवढ्यात डॉक्टर मला बाजूला म्हणाले, "बाई, तीही सुटली पाहिजे. ते तुमचं ऐकतील."

मी सांगून पाहिलं. अन्न सोडलं एक दिवस. तुम्ही माझ्यासमोर पाट घेऊन बसलात आणि म्हणालात, "सहा दिवस तू म्हणशील तसा वागतो. एक रविवार मला राहू दे."

पुढच्या रविवारी डबा उघडला, आणि जी गाठीची होती, नेहमी बाजूला ठेवायची, तीच तुमच्या हातात दिली. तुम्ही विचारलंत, "चांगली आहे ना?" मी म्हटलं, "डब्यातली सगळ्यात चांगली."

मला वाटलं होतं, ओढली जाणार नाही, दोन-चार वेळा वैताग येईल, गोडी आपोआप जाईल. भांडण नको, उपास नको. देवासमोर बसून मी हे सगळं नीट मांडून घेतलं होतं. तुमच्या भल्याचं होतं ना? मग दिव्याकडं बघायला का जड जात होतं?

तुम्ही वैतागला नाहीत. आधी म्हणालात, काड्या ओल्या आहेत. मग म्हणालात, वारा फार होता. दिवाळी झाली, थंडी पडली, तरी मी दर रविवारी गाठीची शोधून देत होते. डब्यात गाठीच्या संपल्या तर त्यातल्या त्यात घट्ट. मग एक दिवस तुम्ही लवकर परत आलात, पाचव्या होलवरून. ओसरीवर बसून बूट काढता काढता म्हणालात, "छातीत दम राहिला नाही बघ. साधी सिगार ओढवत नाही मला आता."

मी दारात उभी होते. तेव्हा सांगायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी काय म्हणाले ते तुम्हाला आठवत असेल. मी म्हणाले, "वय झालं. व्हायचंच."

तुम्ही मान हलवलीत. संक्रांतीच्या आधी काठ्यांची पिशवी दाराआड टांगलीत. मी मनात म्हटलं, सुटली एकदाची. सिगार सुटली खरी. पण मैदान सुटलं, चालणं सुटलं, हमीदभाईंशी भांडणं सुटलं. जिना चढताना मध्ये थांबायला लागलात, आणि तो थांबणारा माणूस खरंच थकलेला होता की मी थकवलेला, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. चट्टा शेवटपर्यंत होता तेवढाच राहिला. तुम्ही गेलात ते हृदयानं, चैत्रात, खुर्चीत बसल्या जागी. डॉक्टर म्हणाले, कुणाच्या हातात नव्हतं. त्यांना सगळं माहीत असतं तर तेच म्हणाले असते का?

हे मी वर्षभर एकटीनं वागवलं. देवाजवळ कबूल केलं आहे. पण देवानं कधी सिगार ओढली नाही, तो गोल्फ खेळला नाही, त्याला यातलं काय कळणार असं वाटतं. आणि काल हमीदभाई जाता जाता जे बोलले त्यानंतर तर मला जेवण गेलेलं नाही.

चपला घालत होते. सहज म्हणाले, "आखिर आखिर में बेचारे का दम टूट गया था, भाभी. दर होलला काडी ओढायचे. मी म्हटलं, ओव्हरसियरसाब, काडेपेटीचा कारखाना विकत घ्या. मग मला वाईट वाटलं. मी माझी सिगार पुढं केली. म्हटलं, ही ओढून बघा, हलकी आहे. तो बोले, नक्को."

"का?" मी विचारलं.

"म्हणाले, घरून निवडून दिलेली आहे. ती सोडून दुसरीला तोंड लावणार नाही."

अहो, का नाही लावलंत? एक झुरका घेतला असता तर कळलं असतं. धूर छातीत भरून आला असता आणि तुम्ही घरी येऊन मला जाब विचारला असता. मी रडले असते, तुम्ही आठ दिवस बोलला नसतात, आणि नवव्या दिवशी परत काठ्या घेऊन गेला असतात. स्वतःच्या छातीवर अविश्वास ठेवलात, माझ्या बोटांवर नाही. एवढा विश्वास माणसानं ठेवू नये. ठेवला तर समोरच्याला तसं सांगून तरी ठेवावं.

की तुम्हाला कळलं होतं? कधी कधी वाटतं, तुम्ही सगळं ओळखून गप्प राहिलात, माझा मान राखायला. असं असेल तर मला थोडं हलकं वाटायला हवं. वाटत नाही. उलट जास्तच लागतं. आणि नसेल कळलं, तर तुम्ही स्वतःला म्हातारे समजून गेलात, ते माझ्या शब्दावर. या दोन्हींतलं कोणतं खरं, हे सांगायला आता कुणी नाही.

आज सकाळी आंघोळीच्या आधी डबा उघडला. वर्षभरानं हात लावला. वाटलं होतं बोटं विसरली असतील. विसरली नव्हती. पंचवीस होत्या, सगळ्या दाबून पाहिल्या. चार काढल्या. एकसारख्या, सौम्य, पान कुठं चिरलेलं नाही, टोकापासून टोकापर्यंत गाठ नाही. चैत्राचं ऊन आहे, वारा सुटलेला आहे, म्हणून जरा जाडच घेतल्या. काही चोरलं नाही या वेळी. पण त्या नुसत्या तशाच हमीदभाईंच्या हातात दिल्या, तर रविवारी चौघं झुरका घेतील, धूर सहज येईल, आणि म्हणतील, वा, काय निवड आहे भाभींची, बिचाऱ्या ओव्हरसियरलाच दम नव्हता. तुमच्या नावानं खेळायला जमलेली माणसं तुमच्याबद्दल खोटं बोलत मैदानभर चालतील. आणि ते खोटं माझ्या हातचं असेल.

हमीदभाई रागावतील. कदाचित परत ओसरीवर येणार नाहीत. तुम्ही गेल्यावर या घरी तुमचं नाव घेऊन हसणारं ते एकच माणूस आहे. मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू?

तरी सांगणार. उद्या संध्याकाळी ते आले की आधी बसवीन, पाणी देईन, आणि डब्याला हात लावायच्या आधी सगळं सांगेन. गाठीच्या सिगारी मी दिल्या, डब्यातली सगळ्यात चांगली म्हणून दिल्या, आणि वय झालं असंही मीच म्हणाले. बाकीच्या तिघांनाही पहिल्या होलवर हे सांगा, म्हणेन, मगच काडी ओढा. माणूस शेवटपर्यंत नऊ होल चालला असता. त्याच्या छातीत दम होता.

तुमची,
वत्सला