मातीची बोंडली

४ जानेवारी, मंगळवार

बोंडली आहेत ती! एवढे शिकलेले लोक, आणि चिठ्ठ्या काय लावल्यात तर ‘तोटीची लघुपात्रे’. तान्ह्या बाळाला दूध पाजायचं भांडं मला ओळखू येत नाही की काय! हे मातीचं, आमच्या ट्रंकेत आहे ते चांदीचं, एवढाच फरक.

पुरातत्त्व विभागाच्या कोठीचं छप्पर गळतंय म्हणून हे खोदकामावरच्या पेट्या घरी घेऊन आलेत. गॅलरी भरून गेली, कपडे वाळत घालायला जागा नाही. खापरं धुवायचं काम पहिल्यापासून माझं. मजुराला कशाला पैसे द्यायचे, आणि मजूर फोडतात. साधं पाणी, दात घासायचा जुना ब्रश. आतला भाग ओला करायचा नाही. सावलीत वर्तमानपत्रावर वाळवायचं. इतक्या वर्षांत कपचा उडवला नाही मी!

ही बोंडली म्हणे तान्ह्या मुलांच्या थडग्यांतून निघाली. थडगी तरी कुठली — राहत्या घराच्या जमिनीखालीच. रांजणात लेकरू, शेजारी बोंडलं. यांचं ते मोठं पुस्तक यावरच आहे. त्या काळच्या आयांना पोर लांब नेववेना, म्हणून चुलीजवळच पुरलं आणि सोबत शेवटचं दूध ठेवलं, असं त्यात आहे म्हणतात. मी पहिलंच पान वाचलंय. ‘जिचं नाव ठेवायचं राहून गेलं, तिला.’ आमची थोरली, बारशाआधीच गेली. त्या एका पानासाठी यांना आजवर सगळं माफ करत आले.

६ जानेवारी, गुरुवार

चष्मेवाली येऊन गेली. यांची विद्यार्थिनी, आता खोदकामावर मदतनीस. काचा बाटलीच्या बुडासारख्या, आणि चपला घालून थेट स्वयंपाकघरात! चहात तीन चमचे साखर. तीन! घरी आईने कधी हात धरला नसेल. वर मलाच विचारते, “काकू, याला बोंडलं म्हणायचं? किती छान शब्द!” आणि लिहून घेतला.

सासूबाई आतून ओरडल्या, “कोण आहे? बाईचा आवाज आहे का? मग दार लोटून घे, उगाच वारं येतं.” अंथरुणाला खिळून वर्षं झाली, डोळे गेले, जीभ तेवढी अजून हिंडती-फिरती आहे.

८ जानेवारी, शनिवार

बैठकीत दोघांचं वाजलं. मी पलीकडे भाजी निवडत होते. ऐकलं ते लिहिते.

“सर, थडग्यांतल्या दातांच्या कोंभांचा अहवाल आला. सगळ्या मुली आहेत. एकूण एक.”

“योगायोग.”

“एकही मुलगा नाही, सर! आणि बोंडल्यांच्या आत काळा थर आहे. नुसत्या दुधाचा असा थर होत नाही. सोमवारी तपासायला पाठवू या ना?”

हे हसले. “तुला मूल आहे?”

“नाही, सर.”

“मग आईची माया तू मला शिकवू नकोस. आधी लग्न करून बघ. करतंय का कोणी!”

मलाही हसू आलं. चष्म्याचं मापच तसं आहे. ती मात्र हलली नाही. “सोमवारी येते, सर,” म्हणाली. कोडगी!

९ जानेवारी, रविवार

सकाळीच यांनी बोंडल्यांची पेटी स्वतः उचलून मोरीपाशी आणून ठेवली. एरवी पाण्याचा पेला उचलत नाहीत!

“एवढी आज घासून टाक. आतूनही.”

“आतून? आत पाणी लावायचं नसतं ना?”

“यांना चालतं. तारेची घासणी घे. लख्ख निघायला हवीत.”

घासली. काळं कसलं चिवट! करपलेल्या दुधाच्या पातेल्यासारखं, पण त्याहून वाईट. घासणीचं भुस्कट झालं, नखं गेली. साबणाचे उरलेले तुकडे जमवून ठेवले होते, ते कामी आले. देवाचं नाव घेत घासलं. हे सांगतात म्हणजे विचार करूनच सांगत असतील.

एक तेवढं राहू दिलं. अगदीच लहान, तोटी करंगळीच्या टोकाएवढी. घासणी आत घालवेना. जुन्या रुमालात गुंडाळून देवांच्या मागे ठेवलं. तिकडे हे फिरकत नाहीत. देव म्हणजे यांच्या लेखी खोदून काढायचा दगड.

१० जानेवारी, सोमवार

चष्मेवालीने पेटीचं झाकण उघडलं आणि एकेक बोंडलं उजेडाकडे धरून आत बघत गेली.

“हे... कोणी केलं हे?”

“मलाच विचारतेस?” यांचा आवाज इतका चढला की शेजाऱ्यांची खिडकी उघडली. “न धुवायच्या वस्तू धुवायच्यांत कोणी टाकल्या? पेट्या लावायचं काम कोणाचं होतं?”

“सर, वर मोठी लाल चिठ्ठी चिकटवली होती मी —”

“दाखव! कुठाय?”

नव्हती. पेटी मोरीपाशी आली तेव्हाही नव्हती.

ती माझ्याकडे वळली. “काकू —”

“तिला काय विचारतेस? मॅट्रिकची बाई आहे ती. पुढ्यात आलं ते धुतलं.” बोलत तिच्याशी होते, बघत माझ्याकडे होते.

मी चहाचा ट्रे धरून उभी. ‘आतूनही घास म्हणाले’, एवढंच बोलायचं होतं. नाही बोलले. उलट बरं वाटलं, खोटं कशाला लिहू? एवढी हुशार पोरगी, पण रडताना नाकातून शिट्टी वाजते.

ती गेल्यावर तिचा चहा परत गरम केला. तीन चमचे साखर होती त्यात, ओतून कशी देणार? सासूबाईंना दिला. “आज गोड केलास गं,” म्हणाल्या.

१३ जानेवारी, गुरुवार

तिला काढलं. कागदावर ‘हलगर्जीपणा’ असं घातलंय. आता कुठेच कोणी उभं करणार नाही, असं हे जेवताना म्हणाले आणि भाजी पुन्हा मागून घेतली.

१७ जानेवारी, सोमवार

मागच्या दारी आली. या वेळी चपला बाहेर.

“काकू, खरं सांगा. आतून घासायला कोणी सांगितलं?”

“पेटीत होतं ते धुतलं.”

“इतकी वर्षं धुताय तुम्ही. कधी आत थेंब जाऊ दिलात?”

मी कणीक मळायला लागले. तर ही पायरीवर बसून बोलतच राहिली. मला सांगत होती की स्वतःला, कोण जाणे.

“डोंगरापलीकडच्या वस्त्यांतल्या म्हाताऱ्यांशी बोलून आलेय मी. त्यांच्या आज्यांच्या वेळेपर्यंत चालायचं हे. मुलगी झाली की दुधात कडू मुळी उगाळायची. आई नाही हं पाजायची — घरातली मोठी बाई. आईला अंघोळीला धाडून. नंतर ओठांना काळी कड येते, त्यावरून कळायचं. घरातच पुरायचं, म्हणजे पुढच्या खेपेला मुलगा. सरांनी त्याला माया म्हटलंय, काकू. पुस्तकभर माया.”

“दूध उतू जाईल माझं,” म्हटलं आणि दार लावून घेतलं.

शेगडीवर काही नव्हतं.

१८ जानेवारी, मंगळवार

‘तू निवांत अंघोळ कर. मी पाजते तिला.’

निवांत! सासूबाईंच्या तोंडून तो शब्द मी एवढ्या संसारात तेवढा एकदाच ऐकला. बरं वाटलं होतं तेव्हा. ऊन पाणी अंगावर घेत राहिले, दोन तांबे जास्तच. माहेरी सांगितलं सुद्धा नंतर, सासू कडक आहे पण वेळेला धावून आली.

ओठांवर काळं होतं. “काजळ पसरलंय,” म्हणाल्या आणि पदराने पुसलं. काजळ डोळ्यांत घालतात. तेव्हा कसं सुचलं नाही?

पुढच्या वर्षी मुलगा झाला. परदेशात असतो. आजीची तब्येत विचारतो आधी, मग माझी.

आज जप झाला नाही.

१९ जानेवारी, बुधवार

त्या पोरीचं वाचन जास्त झालंय. मुलं तशीही जात होती त्या काळात. तापाने जात, कशानेही जात. उगाच कोणाच्या डोक्यावर खापर फोडायचं! सासूबाईंना पुसलं, पाठीला पावडर लावली, भरवलं. “हात थंड आहेत तुझे,” म्हणाल्या. हो, आहेत.

२० जानेवारी, गुरुवार

जेवताना विचारलं. “मला आतून घासायला का सांगितलंत?”

“मीठ कमी आहे आज.”

कमी नव्हतं. मी त्याच हाताने, त्याच मापाने घालते. वाटीभर आणून पुढे ठेवलं. त्यांनी सगळ्या भाजीवर टाकलं आणि तसंच खारट गिळलं, माझ्याकडे न बघता.

२३ जानेवारी, रविवार

देवांमागचा रुमाल काढला. बसने चष्मेवालीच्या खोलीवर गेले. खोली कसली, खुराडं! सामान बांधत होती, गावी परत निघाली होती. टेबलावर यांचं पुस्तक होतं. प्रत्येक पानात खुणा घातलेल्या.

रुमाल सोडून दाखवला. आधी बघतच राहिली. मग हात धुऊन आली, पुसून आली, तेव्हा कुठे ओंजळीत घेतलं. वाटलं, आता पाया पडेल. नाही पडली.

“तुम्हाला माहीत होतं त्या दिवशी. ट्रे घेऊन उभ्या होतात तुम्ही.”

“हो.”

“आता का आणलंत?”

मी म्हटलं, “काळं कशाचं आहे, तेवढं मला येऊन सांग.”

“येणार नाही मी तुमच्याकडे. पत्राने कळवीन. तुम्हाला, सरांना आणि सगळ्यांनाच.” दार तिनेच उघडून धरलं. “चपला घाला काकू, फरशी गार आहे.”

बोलली खरी! ऐकून घ्यायचीच माझी लायकी नव्हती का? होती.

२४ जानेवारी, सोमवार

ट्रंक उघडली. चांदीचं बोंडलं काळं पडलं होतं. घासलं नाही. दूध कोमट करून त्यात भरलं. रोज सासूबाईंना प्लास्टिकच्या तोटीच्या पेल्यातून देते, आज हे घेतलं.

उशी लावून बसवलं, गळ्याशी पंचा बांधला. तोटी ओठाला लागली तशा म्हणाल्या, “गार काय लागतंय? पेला फुटला का?”

“नाही, आई. तुमचंच भांडं आहे.”

डोळे नाहीत, बोटं आहेत. चाचपत गेल्या. तोटी, मग पोट, मग काठावरची वेलबुट्टी. बोटं तिथे थांबली. आणि तोंड मिटलं. घट्ट!

“साधं दूध आहे, आई.”

मान हलवली.

“निवांत प्या. मी पाजते.”

तशा भिंतीकडे वळल्या. “नको. मला नको त्यातलं. मला नको गं!” लहान मुलासारख्या. दूध सगळं पंचावर सांडलं.

माझी पोर मात्र प्यायली होती. तिला कुठे माहीत होतं तोंड मिटायचं असतं.

भांडं पुन्हा भरून त्यांच्या उशाशी ठेवलं, हाताला लागेल असं. दिवसभर दुसरं काही दिलं नाही. हाक मारायची म्हणून तोंड उघडत होत्या आणि लगेच मिटत होत्या.

२५ जानेवारी, मंगळवार

यांना सकाळचं दूध पेल्यात न देता त्या बोंडल्यात दिलं. वाटलं होतं ओरडतील, वेड लागलंय का विचारतील. उठून सासूबाईंच्या खोलीचं दार लोटून आले. मग हळू आवाजात एवढंच विचारलं —

“आई बोलली?”