तुझ्या चेहऱ्याची परवानगी

सातपूर,
१२ फेब्रुवारी २००६

प्रिय सहादू,

पत्र तुझ्या अडतीच्या पत्त्यावर टाकतोय, म्हणजे घरी कुणाच्या हाती लागणार नाही. नामपूरला कांद्याचा भाव पडलाय असं ऐकतो. तुझं कसं चाललंय? मी अजून त्याच स्टुडिओत लग्नांची शूटिंग करतो. कॅमेरे हलके झाले, पण दिवसभर उभं राहिलं की गुडघे बोलायला लागतात.

आपल्या फिल्मची हल्ली सारखी आठवण येते. मालकाचा कॅमेरा सोमवारी मोकळा असायचा आणि तुझी रात्रपाळी, म्हणून ती सगळी सकाळच्या उन्हातली. लेथवरून यायचास तेव्हा तुझ्या केसांत लोखंडाचा कीस असायचा. न्हाणीत तू डोकं खाली घालून बसायचास आणि मी एका हाताने पाणी ओतत दुसऱ्या हाताने शूट करायचो. मग ते टीव्हीवर लावून पडद्याचंच शूटिंग, त्याचं पुन्हा शूटिंग, चेहरा ठिपक्याठिपक्यांचा होईपर्यंत. "माझं तोंड कुठं गेलं रे?" म्हणून तू हसत सुटायचास. गोष्ट नाही, गाणं नाही. एका खोलीत राहणारे दोघे. मला तेवढंच दाखवायचं होतं.

नाशकात ती दाखवली तेव्हा खंडेरावदादांना तूच बोलावलंस. आपण पडद्यावर दिसणार, याचं तुला केवढं कौतुक! लोक मध्येच उठून गेले, पण तुझा भाऊ शेवटपर्यंत बसला. बाहेर येऊन मला म्हणाले, "आमले काही समजत नही, आसं नको समजू." दुसऱ्या दिवशी तुझी ट्रंक नामपूरच्या एस.टी.त होती.

वर्षभराने मालकाने नामपूरचं एक लग्न माझ्या अंगावर टाकलं. पत्रिका बघितली, तर नवरदेव तू. नाही म्हणता आलं असतं, पण गेलो. मांडवात दादांनी मला ओळखलं. हाकललं नाही. आलोच आहे म्हटल्यावर म्हणाले, "आते उनाच शेस तं नीट काढ. नवरीकडे बी देख." मी नवरीकडेच बघत राहिलो, सहादू. अंतरपाट खाली आला तेव्हाही. त्या कॅसेटमध्ये तुझा खांदाच काय तो आला.

मुंबईत आपल्यासारख्यांच्या चित्रपटांचा एक लहानसा महोत्सव होतोय. त्यांना फिल्म हवी होती. पण काही ठिकाणी तुझा चेहरा स्पष्ट दिसतो, तेव्हा तुझी परवानगी पाहिजे म्हणाले. म्हणून दिवाळीत फोन केला होता. मी तुझा आवाज ओळखला आणि तू माझा. एरवी "राँग नंबर" म्हणायला माणूस एवढा वेळ घेत नाही. मागे लहान मूल रडत होतं. मुलगी की मुलगा?

गेल्या महिन्यात बसून, तू जिथे जिथे आहेस तो सगळा भाग कापला. मूळ कॅसेटही पुसली, माझाच भरवसा नको म्हणून. उरली एक भिंत, थोडी ओली फरशी आणि कॅमेऱ्यामागचा माझा श्वास. महोत्सववाल्यांना ती आधीपेक्षा जास्त आवडली. फार धाडसी प्रयोग आहे म्हणाले. आता उद्या पेपरात माझं नाव आलं, कुणी तुला काही विचारलं, तर घाबरू नकोस. एवढं कळवायलाच लिहिलं. तू त्यात कुठेच नाहीस.

तुझाच,
गोरक्ष