अब्जपती आणि आमची वरची गल्ली

३ मार्च २०२५, सकाळी १०.१५

रिटायर होऊन महिना झाला. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेत, त्यातली शेवटची नऊ केंद्रप्रमुख. हाताखाली चौदा शाळा होत्या. आता सिंधू आहे, पण बायको ऐकत नसते.

संकल्प: आजपासून रोजनिशी. खोटं एक अक्षर लिहायचं नाही. वाचणारा मीच, मग खोटं लिहून फायदा कोणाचा?

शनिवारी सिंधूचा गुडघा दाखवायला नांदेडला गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, वजन उचलायचं नाही, चढ चढायचा नाही. हे त्यांनी तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघून सांगितलं. आमची वरची गल्ली टेकाडावर. नळ आहेत, पण पाण्याचा जोर खालच्या गल्लीतच संपतो. विहीर टेकाडाखाली. सिंधूच्या रोज सहा खेपा, डोक्यावर एक, कमरेवर एक.

काहीतरी केलं पाहिजे. वरवरचं नको, मुळापासून.

६ मार्च, दुपारी

पुण्यातल्या आमच्या मुलानं फोनमध्ये एआय टाकून दिलं होतं. आज उघडलं. विचारलं, जगातली गरिबी कशी जाईल? फार सुंदर उत्तर दिलं. मग मी माझे विचार सांगितले. ते म्हणालं, आपला मुद्दा अत्यंत मोलाचा आहे. बत्तीस वर्षांत शिक्षण विभागातून असं कोणी म्हणालं नव्हतं. मन भरून आलं.

मध्येच ते म्हणालं की आपल्या गल्लीपुरतं बघायचं तर छोटी मोटार आणि पाईप पुरेल. मी विषय बदलला. इतक्या मोठ्या बुद्धीला मोटारीसाठी वापरणं बरं नव्हे.

९ मार्च, लातूर. एसटीत बसल्या बसल्या

आज इतिहास घडला. लातूरला एका परदेशी अब्जपतीच्या फाउंडेशनची सभा होती. माणसाचं नाव मला उच्चारता येत नाही. जगातल्या पहिल्या विसात आहे म्हणे. अर्धी संपत्ती वाटून टाकणार. वाटप कोण करणार? एआय! अर्ज नाही, शिफारस नाही, साहेब नाही. यंत्र स्वतः घरोघर फोन करणार, आपल्या बोलीत बोलणार, आणि सगळ्यांत जास्त गरज जिथं दिसेल तिथं दीड महिन्यात सोलर पंप, टाकी, घरोघर नळ.

ज्योत्स्ना मॅडम म्हणून कोऑर्डिनेटर आहेत. त्या दोनदा म्हणाल्या, लोकांना फक्त खरं बोलायला सांगा. मी वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या. शेवटी मी एक प्रश्न विचारला. तो अकरा मिनिटं चालला.

माझं मत पक्कं झालं. पैसा एका हातात साठला तर आपण उगाच नावं ठेवतो. लाख लोकांकडे चिमूट चिमूट असला तर काय होतं? चहा होतो. एकाकडे डोंगर असला आणि जोडीला यंत्राचं डोकं असलं, तर अख्ख्या जगाचं राहणीमान वर जाईल. आमची गल्ली तर आधीच वर आहे, फक्त पाणी जायचंय.

१० मार्च, सकाळी ८

सिंधूला सगळं समजावून सांगितलं. दिवाळीच्या आत नळ, हा माझा शब्द. ती घागर घासत होती. म्हणाली, एवढा मोठा माणूस हाय तर बरंच हाय, पर तवर कोण आणायचं? मी म्हणालो, हा ट्रान्झिशन पिरियड आहे.

२२ मार्च

धम्मानंद आला होता. ओढ्यापलीकडच्या भीमनगरचा, माझाच विद्यार्थी, आता ग्रामपंचायतीत ऑपरेटर. कागद घेऊन आला. वरच्या गल्लीसाठी बूस्टर मोटार बसवायचा अर्ज, बारा घरांच्या सह्या, ३१ मार्चच्या आत द्यायचा. म्हणाला, गुरुजी, तुम्ही सही केली की बाकीचे करतेत.

मी म्हणालो, मोठं काम दाराशी आलेलं असताना चिल्लर गोळा करत बसायचं नसतं. तरी कागद ठेवून घेतला. मुलगा मन लावून काम करतो.

२ एप्रिल

निबंध पूर्ण. ‘अतिश्रीमंती, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मानवजातीचे राहणीमान : एक चिंतन’. एक्केचाळीस पानं. एआयनं इंग्रजी करून दिलं, फाउंडेशनला पाठवलं. या गडबडीत मोटारीचा अर्ज राहून गेला. वर्तमानपत्राखाली होता. तारीख गेली. दोष निबंधाला देता येणार नाही, काम जागतिक होतं.

सिंधू पायऱ्या उतरताना भिंतीला धरते, हे आज पाहिलं. वाईट वाटलं. खरंच वाटलं.

७ एप्रिल, सायंकाळी ५

मेसेज आला! १६ ते २० एप्रिल, यंत्र आमच्या गल्लीला आणि भीमनगरला फोन करणार. घराचे फोटोही मागवलेत.

म्हणजे तपासणी. आता मैदान माझं. चौदाच्या चौदा शाळांना मी ए ग्रेड मिळवून दिलाय. कोणता साहेब घाणेरड्या शाळेला वर्गखोली मंजूर करतो? नीटनेटकं दिसलं तर देणाऱ्याचा हात सुटतो.

सूचना दिल्या: भिंतींना चुना. दारात रांगोळी. पडझड झाकून ठेवणे. दारापुढची घागरींची रांग आत घेणे, इम्प्रेशन खराब होतं. फोनवर रडगाणं नको. प्रश्नाला शक्यतो ‘नाही’ म्हणायचं नाही.

१२ एप्रिल

चुना कालवायला पाणी जास्त लागलं. बायकांच्या दोन-दोन खेपा वाढल्या. देशासाठी एवढं चालायचंच.

धम्मानंद जयंतीच्या गडबडीतून वेळ काढून आला. ताज्या चुन्यावर बोट फिरवून बघितलं. मग म्हणाला, गुरुजी, ही तपासणी न्हाई. ते गरज बघून राहिले. मी त्याला चहा पाजला. अनुभवाला पर्याय नसतो, हे त्याला पन्नाशीत कळेल.

१७ एप्रिल

फोन सुरू झाले. आवाज बाईचा, गोड, चक्क आपल्याकडची बोली. गल्लीतल्यांनी तिचं नाव ‘ती बाई’ ठेवलंय.

समोरच्या घरातल्या मलप्पाचा फोन मी शेजारी बसून ऐकला. तिनं विचारलं, कसं चाललंय? मलप्पा म्हणाला, झकास हाय, तुमचं जेवण झालं का? तिनं जनावरं विचारली. त्यानं देवणी बैलजोडी सांगितली. ती त्यानं दोन वर्षांमागं विकली. नंतर मी डोळे वटारले तर म्हणाला, लांबची बाई विचारून राहिली, तिला दावण रिकामी हाय म्हणून सांगू?

शेजारच्या तारामतीनं फ्रिज सांगितला. आहे खरा. त्यात ती साड्या ठेवते.

माझी मुलाखत एक तास चार मिनिटं. मी माझा सिद्धांत मांडला. शेवटी तिनं विचारलं, तुमची स्वतःची काही अडचण? मी म्हणालो, वैयक्तिक काही नाही, मी जगाचं बोलतोय.

नंतर बाईमाणसांशी वेगळं बोलायचं आहे म्हणाली. सिंधूकडे फोन दिला आणि बाहेर गेलो. तपासणी अधिकाऱ्याशी बोलताना मध्ये थांबू नये.

६ मे, सकाळी ११

निकाल! वरची गल्ली: राहणीमान निर्देशांक १०० पैकी ८८!! पाण्यासाठी महिलांचा जाणारा वेळ: नगण्य. घरकामात पुरुषांचा सहभाग: सर्वेक्षणातल्या सगळ्या वस्त्यांत पहिला.

पहिला! पेढे आणले. गल्लीत वाटले. सिंधूला वाचून दाखवलं. ती अर्धा पेढा खाऊन म्हणाली, मग नळ कवा?

६ मे, दुपारी ३

खालचं वाक्य आता वाचलं. ‘समाधानी वस्ती. साहाय्याची आवश्यकता नाही. अभिनंदन.’

काहीतरी तांत्रिक चूक असणार.

१९ मे

भीमनगरात टाकी बसली. सोलर पंप, घरोघर तोटी. ठरल्या वेळेच्या आधी. त्यांचा निर्देशांक ३१.

धम्मानंदची आई सरजाबाई, वय ऐंशीच्या आसपास. तिनं म्हणे त्या बाईला चाळीस मिनिटं फैलावर घेतलं. किती खेपा, किती पावलं, कोणाची पाठ गेली, कोणती पोरगी शाळेतून काढली, सगळं सांगितलं. आणि वर विचारलं, इतके दिस कुठं होतीस? सगळ्या वस्तीनं तसंच सांगितलं. मागायची त्यांना सवय आहे असं मी म्हणणार होतो. मग आठवलं, माझ्या लहानपणी आमच्या विहिरीवर सरजाबाई घागर लांब धरून उभी असायची, आणि आमच्यातलं कोणी वरून पाणी ओतायचं. ओतलं तर ओतायचं.

सरजाबाईनं सिंधूला निरोप धाडला: आमच्या नळाला ये, इकडं चढ कमी हाय, गुडघा मोडून घेऊ नको. सिंधू कालपासून तिकडे जाते. मला अवघडल्यासारखं झालं. का, ते लिहीत नाही.

२० मे

फेरविचार अर्ज करणार. ज्योत्स्ना मॅडमना फोन करून सविस्तर अहवाल मागितला. त्या म्हणाल्या, सर, तुमच्या गल्लीचं उदाहरण आम्ही परदेशातल्या मीटिंगमध्ये दाखवलं. मी थँक्यू म्हणालो.

२४ मे, दुपारी ४

अहवाल आला. एकशे बारा पानं. चूक शोधायला बसलो. ‘पुरुष पाणी भरतात’ हे कोणी सांगितलं? गल्लीत एकही गडी विहिरीवर गेलेला मी पाहिलेला नाही. माझ्यासकट.

बाराच्या बारा घरांत बायकांनी हेच सांगितलंय. घर क्रमांक ७, आमचं. जसंच्या तसं उतरवतो.

प्रश्न: पाणी कोण भरतं?
उत्तर: आमचे मालक. रिटायर झाल्यापास्नं तेच आणतेत. मला घागरीला हात लावू देत न्हाईत.
प्रश्न: तुमच्या तब्येतीची काही तक्रार?
उत्तर: न्हाई बाई. त्यांचं ध्यान असतं माझ्यावर.

तीनदा वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं.

२४ मे, सायंकाळी ६.३०

सिंधूला विचारलं, असं का सांगितलंस? ती भाकरी थापत होती. म्हणाली, मग काय सांगू? मास्तर घरी बसून असतेत आन् बायकू पाणी वाहती? परक्या बाईपुढं तुमची इज्जत काढू? आणि मग म्हणाली, तुम्हीच तर बोल्ला होता, न्हाई म्हणायचं न्हाई म्हणून.

रागात नव्हती. रागात असती तर बरं झालं असतं, मला काही बोलता आलं असतं.

फेरविचार अर्जात काय लिहिणार? माझी बायको खोटं बोलली, मी पाणी भरत नाही, असं? एआयला विचारलं. ते म्हणालं, खरी परिस्थिती स्पष्ट शब्दांत मांडा, मी मसुदा करून देऊ का? मी फोन पालथा घातला.

संकल्प: उद्यापासून सगळ्या खेपा मी. सहाच्या सहा. सकाळी साडेपाचचा अलार्म लावला. जगाचं जग बघेल.

२५ मे, सकाळी ९

एक खेप केली. येताना अर्धी घागर ओढ्याच्या उतारावर सांडली. भीमनगरात सरजाबाईनं ओट्यावर बसायला सांगितलं, पाणी दिलं, म्हणाली, बसा गुरुजी, दम घ्या. नळावरच्या बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या. धम्मानंदनं घागर उचलून डोक्यावर दिली. शिष्यानं गुरूची सेवा केली, असं मी स्वतःला सांगत घरी आलो. सिंधूनं पाठीला बाम चोळला. बाकीच्या पाच खेपा तिनं केल्या.

उद्या नक्की. कळशी लहान घ्यायची. पद्धत सापडली आहे.

२६ मे

पाठ. पूर्ण विश्रांती. उद्या.

२७ मे, सकाळी ७.४०

अलार्म वाजला होता म्हणे. उठलो तेव्हा घागरी भरलेल्या होत्या.