रिकाम्या गावातलं करडू

आये,
दक्षिण सुदानच्या शांतिसेनेतून तुझ्या जीवनचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी धडधाकट हाय, जेवण बरं मिळतं. बापूचा खोकला कमी झाला का? शेळ्या कशा हायत?

लढाईत ओस पडलेलं एक गाव छावणीजवळच हाय. तिथं पडक्या झोपडीखाली मला करडू सापडलं. साहेब म्हणाले, "ठेव, पण सांभाळायचं तू." लई जीव लागला बघ.

पण रोज सांजेला त्या गावाकडून, बाई शेळ्यांना बोलावते तशी हाक यायची. करडू ओरडत तिकडं धावायचं. हाक सगळ्यांनीच ऐकली.

काल आमी गावातलं घर न घर पाहिलं. माणूस न्हाई, धुळीत पाऊल न्हाई. एका दारात मात्र पाण्यानं भरलेलं भांडं होतं. करडू ते पिऊन उंबऱ्यावर निवांत बसलं.

"उचल त्याला," साहेब म्हणाले. माझा हात पुढं झाला न्हाई. तुझं करडू कुणी नेलं असतं, तर तूही अशीच हाका मारत बसली असतीस. मी त्याला तिथंच ठेवलं.

आज सांजेला हाक आली न्हाई.

काळजी करू नको. फक्त अंधार पडल्यावर रानात एकटी थांबत जाऊ नको.

तुझा,
जीवन