दोन फुटांचा समुद्र

१८ जानेवारी, रविवार
टाकी आली! दोन फुटी, जाड काचेची, अकोल्याहून रफिकभाईंच्या दुकानातून. वि.ने आणि मी ती तान्ह्या बाळासारखी जिना चढवून आणली. एकोणीस वर्षं वलगावच्या पोरांना महासागर शिकवतेय, स्वतः समुद्र पाहिला फक्त दोनदा. आता घरात! खारं पाणी, खरे समुद्री मासे. वि. म्हणतो, "शाळेत बोलू नको, सहल इकडेच आणतील." नवरा आहे की शत्रू.
सासूबाई लांबूनच बघत होत्या. काही बोलल्या नाहीत. म्हणजे बोलणार.

२० जानेवारी
बोलल्या. मिठाची पिशवी उघडताना नेमक्या आल्या.
"हे काय वं सुजाता?"
"समुद्राचं मीठ, आई. फिल्टरच्या पाण्यात मिसळायचं."
"गोड्या पान्यात मीठ? इकत आणून?" खरंच खाली बसल्या.
आईंचं सासर खारपाणपट्ट्यातलं. विहीर दारात, पण पाण्यात डाळ शिजत नाही. चाळीस वर्षं डोक्यावरून लांबचं गोडं पाणी वाहिलं. "आमची जिंदगी गेली खाऱ्या पान्यापासून पयता पयता, अन् तू घरात आणून राहिली!" आधी हसू आलं. मग लाज वाटली. मीठ मात्र मिसळलंच.

२५ जानेवारी, रविवार
दादा (मोठे दीर) अकोल्याहून आले, गाडीत गावच्या विहिरीच्या पाण्याचे दोन कॅन! "मीठ कायले मिसळता? हे घ्या, तयार माल." मलाही पाच मिनिटं पटलं, भूगोलाची शिक्षिका असून. खारेपणा मोजायच्या प्लास्टिकच्या डबीत ओतलं, काटा जागचा हलला नाही. रफिकभाईंना फोन केला तर हसता हसता खोकला लागला त्यांना. "मॅडम, इहिरीचं पानी कितीबी खारं असो, त्याचा समंदर नाही होत."
दादा हिरमुसले. आईंनी कॅनमध्ये बोट बुडवून जिभेवर ठेवलं. "आपल्याच इहिरीचं हाये." मग माझ्या बादलीत बोट. तोंड वाकडं. "हे तं लयच अघोरी हाये वं." पण पुन्हा एकदा चाखलं. मी पाहिलं.

८ फेब्रुवारी
वाळू, दगड, पंप, दिवा. मासा नाही. रफिकभाईंचा हुकूम: महिनाभर पाणी मुरू द्या. लोणच्यासारखं. येणारा-जाणारा विचारतो, मासे कुठे आहेत. वि. गंभीर चेहऱ्याने सांगतो, "लाजतात."

१५ फेब्रुवारी, रविवार
आईंची अट. सकाळी वंदना झाल्यावर, मेणबत्ती जळत असतानाच. "रोज पंचशील म्हनतो आपन. त्यातलं पयलं काय हाये?" मी म्हटलं, जीवहत्या करणार नाही. "मंग आईक. तुह्या अडाणीपणानं एक जरी मासा मेला, तं टाकी बंद."
वि. म्हणाला, "आई, परवाच तर माशाचा रस्सा दोनदा घेतला तू."
"तो बजारातला होता. हा घरातला रायीन."
कबूल केलं.

१५ मार्च, रविवार
आले!!! दोन. नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. आई आठवडाभर दादांकडे होत्या, त्यांना आणायला गेलो तेव्हाच रफिकभाईंकडून घेतले. परत येताना पिशवी आईंच्या मांडीवर. ऊन लागू नये म्हणून वर पदर. मूर्तिजापूरला चहाला थांबलो, आई उतरल्या नाहीत. "हालवू नको, घाबरते थे."
संध्याकाळी टाकीत सोडले. धाकटा थेट दगडाच्या कपारीत, मोठा काचेपाशी येऊन आम्हालाच बघत बसला. मी रडले. वि.ने व्हिडिओ काढला, पुसायला सांगितलाय.

५ एप्रिल, रविवार
ऊन पेटलंय. टाकीवर दोन छोटे पंखे, तरी पाणी रोज दोन बोटं कमी. मी रोज मिठाच्या बादलीतून भरते. डबीतला काटा हिरव्या पट्ट्यात. सगळं ठीक. मासे आता मला ओळखतात (वि.: "खाण्याचा डबा ओळखतात").

१३ एप्रिल, सोमवार
दोघेही तळाशी. कालपासून खाल्लं नाही. कल्ले भराभर हलतायत. काटा तीनदा पाहिला, हिरव्यातच. रफिकभाईंचा फोन लागत नाही. उद्या जयंती, घर पाहुण्यांनी भरणार, आणि माझ्याच टाकीत...
आई आल्या. न विचारता बोट बुडवलं.
"लयच खारट झालं."
"आई, काटा बरोबर दाखवतो."
"काट्याले जीभ हाये काय? पानी उडते. मीठ कुठी उडते? उन्हायात आपली इहीर अशीच तं होये. तू वरून काय टाकतं?"
मिठाचंच पाणी. रोज. गेला महिनाभर.
बाष्पीभवन होते, क्षार मागे राहतात, क्षारता वाढते. पाठ आहे मला. फळ्यावर लिहून देते, पोरं लिहून घेतात. डबी उलटी करून पाहिली तर काट्यावर मिठाची पांढरी खरपुडी. वापरल्यावर साध्या पाण्याने धुवायची असते, मी ती कधी धुतलीच नव्हती. जड होऊन काटा खालीच राहत होता. बाई, नापास.

१४ एप्रिल
रफिकभाई सकाळी सापडले. "गोडं पानी टाका, पण धीरे धीरे. दो दिन लगाव." म्हणजे थोडं टाकीतलं काढायचं, तेवढं गोडं घालायचं. आईंनी तांब्या हातातच घेतला. नवं पांढरं लुगडं, पाहुण्यांचे जयभीम, खिरीच्या वाट्या, आणि मधूनमधून जाऊन एक तांब्या. गोडं पाणी वाहायला यांना कोणी शिकवायचं! मी मिरवणुकीलाही गेले नाही. मोठा संध्याकाळी थोडा वर आला. धाकटा नाही.

१६ एप्रिल
धाकट्याने खाल्लं! तीन दाणे! मी स्वयंपाकघरात नाचले, आईंनाही फिरवलं. "सोड वं, पडीन मी!" हसत होत्या पण. अट मोडली नाही. थोडक्यात वाचले.

२६ एप्रिल, रविवार
आता रोजचं: चहाच्या आधी आई चूळ भरतात, बोट बुडवतात, डोळे मिटतात. "आज बराबर." मगच माझा जीव भांड्यात पडतो. मासेही त्या बोटाला टोचायला येतात. आईंना फार आवडतं, दाखवत नाहीत.
दादांचा फोन. दर मे महिन्यात आई अकोल्याला असतात, यंदा कायमचंच तिकडे ठेवून घेऊ म्हणतात. "घ्यायला कधी येऊ?" आई म्हणाल्या, "पाहू. इथं मीठ कोन पाहीन?"

३० एप्रिल
रफिकभाईंनी पाठवलेलं खारेपणा मोजायचं नवं यंत्र आलं. दुर्बिणीसारखं, दोन थेंब टाकायचे आणि उजेडाकडे धरून बघायचं. बघितलं. अचूक. आईंनी सकाळी सांगितलं तेच. हे असलं की कोणाच्या जिभेची गरज नाही.
आईंची पिशवी खाटेवर उघडी. तीन लुगडी भरलीत, चौथं अजून दोरीवर.
मला त्या जायला नको आहेत. इतकं साधं आहे.
यंत्र पुसून त्याच्या खोक्यात घातलं, खोकं भूगोलाच्या जुन्या पुस्तकांमागे. तिथे कोणी हात घालत नाही. यंत्र आल्याचं उद्या सांगेन. दादा रविवारी न्यायला येतायत.