तिसऱ्या सिलिंडरबाबत माझी शेवटची इच्छा

शनिवार, दिनांक ७ मार्च २०२६ रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी माझ्या थोरल्या चिरंजीवांनी माझ्याच अंगणात उभे राहून माझा ट्रक भंगारवाल्याला देण्याचे कबूल केले. मला हे भंगारवाला गेल्यावर, चहा पिता पिता कळवण्यात आले. "इंजिन संपलंय, आई. उगाच जागा अडवून बसलंय." तोवर मला मृत्युपत्राची घाई नव्हती.

सबब मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, शिक्षण कॉन्व्हेंटात, बस आगाराच्या सुट्या भागांच्या भांडारातून निवृत्त, हे लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मी संतापलेली आहे, पण शुद्धीत आहे. तसा दाखला शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. "काकू, मी दातांची डॉक्टर," असे त्या कुरकुरल्या. "मग अक्कलदाढ बघा आणि लिहा," मी म्हटले.

कलम १. ट्रक माझ्या नावावर आहे आणि माझ्यामागे तो लेकीचा. आमचे हे गेल्यापासून ती त्यातून लोकांची घरे हलवते आणि त्यावरच तिचे पोट आहे. ती म्हणते, "जाऊ दे गं आई, दादाशी कशाला वाकडं? मी भाड्याचा टेम्पो बघेन." जाऊ दे म्हणणारा वारस मला मुळीच पसंत नाही, पण दुसरी लेक नाही.

कलम २. इंजिन संपलेले नाही. कॉन्व्हेंटातल्या आमच्या सिस्टर पुराव्याशिवाय तक्रार ऐकत नसत, म्हणून पुरावा देते. गाडी सुरू करून सायलेन्सरच्या तोंडाशी जाड कागद धरला. थोरल्याच्या लग्नाच्या पत्रिका उरल्याच होत्या. धड इंजिन कागद बाहेर ढकलत राहते. आमचे ठरावीक ठेक्यात तो आत ओढत होते. म्हणजे धूर सोडणारा एखादा व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. मग गॅरेजच्या मिस्त्रींनी चारही सिलिंडरांचा दाब मोजला. पहिला, दुसरा, चौथा ठणठणीत, तिसरा निम्म्यावर. तिसऱ्यात थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजला. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर दाब वाढला असता. काटा ढिम्म हलला नाही. रिंगा शाबूत, व्हॉल्व्ह जळका. इंजिनाचे वरचे झाकण, म्हणजे हेड, उतरवले की दोन दिवसांचे काम.

कलम ३. तो कोणी जाळला, हेही नोंदवते. गेल्या वर्षी थोरल्याचे साहेब जेवायला येणार होते. गाडीच्या टकटकीची चिरंजीवांना लाज वाटली. मोबाइलवर बघून त्यांनी व्हॉल्व्ह दाबून उघडणारे टॅपेट आवळले. व्हॉल्व्ह तापला की लांबतो, म्हणून टॅपेटपाशी पोस्टकार्डाच्या जाडीची फट सोडायची असते. त्यांनी फट शिल्लकच ठेवली नाही.

"बघ, आता आहे का आवाज?"

"टकटकणारा व्हॉल्व्ह मिटतो तरी. गप्प झालेला जळतो," मी सांगितले.

"तुझं आपलं काहीतरी."

एरवी मी कोणतीही गोष्ट चारदा सांगते. त्या दिवशी साहेबांसमोर तमाशा नको म्हणून एकदाच सांगितली आणि पानं वाढायला गेले. एवढा गुन्हा माझा.

कलम ४. हत्यारांची पेटी लेकीला. त्यातला चौदाचा पाना नणंदेच्या यजमानांकडे अकरा वर्षे आहे, तो त्यांनी आणून द्यावा. नणंदेला मिक्सर. झाकण तिच्याकडे आहेच.

कलम ५. शिलाई मशीन सूनबाईंना, विनाअट. त्यांनी एकदा माझ्यादेखत नवऱ्याला "तुम्हाला त्यातलं काय कळतं?" असे विचारले होते.

कलम ६. घर थोरल्याला आणि लेकीला निम्मे निम्मे. थोरल्याच्या निम्म्याला मात्र अट आहे. त्याने भंगारवाल्याला स्वतः नाही म्हणावे, त्याला देऊन टाकलेली ट्रकची दुसरी किल्ली परत आणावी, आणि मिस्त्रींच्या समोर बसून तिसऱ्या सिलिंडरचा नवा व्हॉल्व्ह हाताने घासावा, तो जिथे टेकतो त्या बैठकीवर सलग राखाडी कडी उमटेपर्यंत. बोटे काळी होतील. रॉकेलने निघतात. हे न केल्यास तोही हिस्सा लेकीचा, आणि तिने "जाऊ दे" म्हटले तरी तिचाच.

साक्षीदार: १. मिस्त्री ("ताई, मला तुमच्या घरच्या भानगडीत घेऊ नका," असे म्हणून सही केली). २. दातांच्या डॉक्टरीणबाई.

ठिकाण: माझ्या स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: ११ मार्च २०२६.
सही: लिहून ठेवणारी, म्हणजे तुझी आई.

थोरल्यास प्रत दिली. भंगारवाल्याची क्रेन शनिवारी सकाळी अकराला ट्रक उचलायला येणार आहे. मी नऊपासून ट्रकच्या केबिनमध्ये बसलेली असेन, आणि मला उतरवायला क्रेनच लागेल. तेव्हा कलम ६ मान्य आहे की नाही, याचे लेखी उत्तर, स्वतःच्या अक्षरात, शुक्रवार दिनांक १३ मार्च रोजी सायंकाळी पाच वाजेपर्यंत माझ्या हातात द्यावे. फोन चालणार नाही. बायकोबरोबर निरोप चालणार नाही. "बघू" हे उत्तर धरले जाणार नाही.