आधी ठिपके

९ डिसें., नळदुर्ग
सकाळी मंजूचा फोन. "आई, येळवशीला मेनलँडवर यायला नाही जमणार गं." मेनलँड! लेक अंदमानात नोकरीला काय गेली, माकणीचं आपलं रान हिचं मेनलँड झालं. रानाला जेवू घालायचा दिवस, आणि पोरगी नाही. म्हटलं, "मग तू कोण? परकी?" हसली. "इथं सगळे असंच म्हणतात. तूच ये ना इकडं. कायमची." दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला. दूध फ्रीजमध्ये होतं.

११ डिसें.
आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, असा डबा घेऊन कुरिअरवाल्याकडं. "मॅडम, बाहेरदेशाला आमी न्हाय पाठवत." बाहेरदेश! भिंतीवरच्या कॅलेंडरावर नकाशा होता, म्हटलं दाखवते. बेटांच्या जागी पतसंस्थेची जाहिरात! जन्मभर भूगोल शिकवला, तो ह्यासाठी. डबा परत.

१२ डिसें.
राग उतरेना. सोलापूरच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर आठवल्या. नकाशा काढायचा तर कोऱ्या पानावर आधी अंदमानचे ठिपके, मग लक्षद्वीपचे, किनारा शेवटी, हा त्यांचा नियम. उलट केलं की आम्ही देश पानभर पसरवायचो, बेटांना जागाच उरायची नाही. पट्टी बसायची.
मंजूही तशीच. स्वयंपाकघरात फरशीवर पालथी पडून भारत काढायची, कन्याकुमारी पानाबाहेर. "बेटं कुठं गेली?" "लांब आहेत, आई. दिसत नाहीत."

१९ डिसें., माकणी
येळवस. कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पाच दगडांचे पाच पांडव पूजले. पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. यंदा धरणाचं पाणी रानात पार आत. कडेचं टेकाड पुन्हा बेट झालंय. मंजूचं बेट. तिथं जाऊन बसायची, जेवायला यायचीच नाही. हे होते तेव्हा पाण्यातून जाऊन तिला खांद्यावर घेऊन यायचे.
भाऊजी आंबिलीचं गाडगं घेऊन रानाभोवती शिंपडत निघाले, पाण्यापाशी वळले. "वहिनी, बेट राहू द्या. मेन रानाला दिली म्हंजे झालं."
मेन रान!
गाडगं काढून घेतलं. मासे धरणाऱ्या रहीमचाचांना होडी आणायला लावली. "बसा आपा, पर हलू नका. तुमच्या रागानं बुडंल होडी." काठावरून भाऊजी, "भज्जी थंड व्हायलीय!" होऊ दे.
बाभळीखाली आंबिल शिंपडली. शिंपडतानाची हाळी, "ओलगे ओलगे", एकटीच ओरडले. काठावरच्या पोरांनी साथ दिली. तिथून कोप एवढीशी दिसत होती. जावा, भाऊजी, सगळी मंडळी ठिपक्यांएवढी. हात हलवत होती, पण कोण कोणतं ते ओळखू येईना.

२० डिसें.
मंजूला सांगितलं. मग, "बाभळीवर सुगरणीची घरटी आहेत अजून?" आहेत. "येतेस ना, आई?" म्हटलं, "आधी सांग, विमानात गाडगं हातात नेऊ देतात का?"
"विचारून सांगते," म्हणाली. कायमची की चार दिवसांपुरती, ते तिनं विचारलं नाही.